टँकचं पाणी दर दोन महिन्यांनी बिघडायचं आणि मी साफ केलं की मासे मरायचे, शेवटी सापडलं कुठं पाणी मुरत होतं

आधी प्रॉब्लेम सांगतो, म्हणजे ज्याचं सेम चाललंय त्याला लगेच ओळखू येईल. माझा ६० लिटरचा टँक, दगड-वाळू वजा जाता खरं पाणी साधारण ५० लिटर, त्यात दहा गप्पी, सात-आठ गोगलगायी, दोन-तीन प्रकारची झाडं आणि एक स्पंजचा फिल्टर. दोन महिने सगळं झकास चालायचं. मग हळूहळू मासे मलूल व्हायचे, पंख मिटून कोपऱ्यात उभे, खाणं टाकलं तरी लगबग नाही. मला वाटायचं पाणी घाण झालं असणार, म्हणून बादल्या घेऊन बसायचो, सत्तर टक्के पाणी बदलायचं, वाळू ढवळून धुवायची, स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा (तो कधीच पांढरा होत नाही, ही गोष्ट वेगळी) आणि काच अशी चकाचक की टँक रिकामाच वाटावा.

आणि मग पुढच्या दोन-तीन दिवसांत दोन-तीन मासे खलास. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ. पहाटे उठून बघावं तर उरलेले मासे वर येऊन तोंड उघडझाप करतायत. आठ-दहा दिवसांनी दुधाळपणा जायचा आणि पाणी हिरवं व्हायचं, मग तेही कधीतरी आपोआप निवळायचं, महिनाभर सुख, आणि परत पहिले पाढे पंचावन्न. असं चार वेळा झालं. चारही वेळा मी औषधं बदलली, खाणं बदललं, एकदा तर अख्खा फिल्टर बदलला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

धागा सापडला तो माशांमुळे नाही, गोगलगायींमुळे. एक दिवस काचेवर चढलेली एक मोठी गोगलगाय अगदी जवळून दिसली, शंखाच्या टोकाकडे पांढरे पांढरे खड्डे, जणू कुणी पॉलिश पेपर मारलाय. दुसरी बघितली, तिलाही तेच. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि पाणी आम्लधर्मी झालं की ते विरघळायला लागतं. तोवर मी पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) परत कधी मोजलाच नव्हता, कारण मासे घेतले तेव्हा एकदा मोजलेला आणि तो ७.८ होता, म्हणजे विषय संपला असं माझं डोकं. आता मोजला तर ६. आणि केएच, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा, तो जवळपास शून्य. अमोनिया मोजला तर लिटरला ४ मिलिग्रॅम!

इथं मी चक्रावलो, कारण इतक्या अमोनियात मासे जिवंत कसे? याचं उत्तर कळलं आणि सगळी केस उलगडली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो. एक विषारी अमोनिया, दुसरा अमोनियम, जो माशांना त्या मानाने फारच कमी त्रास देतो. आपल्या टेस्ट किटमध्ये दोन्ही मिळून एकच आकडा येतो. कुठलं रूप किती, हे ठरवतं पीएच आणि तापमान. २५ अंशाला पीएच ६ असेल तर हजारातला जेमतेम अर्धा भाग विषारी रूपात असतो, ७ ला साधारण सहा भाग, ७.८ ला पस्तीसच्या आसपास, आणि ८ ला पन्नासच्या वर. म्हणजे माझ्या टँकमध्ये विष साठलेलं होतं पण म्यानात होतं. मग मी काय करायचो, तर नळाचं ७.८ पीएचचं पाणी सत्तर टक्के ओतायचो, तासाभरात पीएच वर, आणि उरलेला अमोनिया म्यानातून बाहेर. त्यात आधीच अशक्त झालेल्या माशांना पीएचचा एवढा मोठा झटका, आणि वरून स्पंज धुऊन अमोनिया खाणारे जीवाणूही मीच गटारात पाठवलेले. मासे घाणीने मेले नव्हते हो, माझ्या साफसफाईने मेले होते.

आता पीएच पडला का? टँकमध्ये तर मी काही आम्ल टाकत नव्हतो. इथं थोडं हिशोबाचं काम आहे, कंटाळू नका.

मासा खातो त्यातलं प्रोटीन, प्रोटीनमध्ये १६ टक्के नायट्रोजन, आणि खाल्लेल्या नायट्रोजनचा निम्म्याच्या आसपास किंवा जास्त भाग मासा अमोनिया म्हणून सोडतो, तोही मुख्यतः कल्ल्यांमधून. तो अमोनिया स्पंजवर, वाळूवर, पानांवर बसलेले जीवाणू नायट्राइट करतात, आणि दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिल्या कामाला नायट्रोसोमोनास वगैरे मंडळी, दुसऱ्याला नायट्रोस्पायरा. (२०१५ मध्ये असंही सापडलं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही पायऱ्या एकट्याने करतात, आणि त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधल्या नमुन्यावरच लागला. सव्वाशे वर्षं सगळे दोन वेगळे जीवाणू धरून चालले होते!) पण हे काम फुकट होत नाही. १ मिलिग्रॅम अमोनियाचा नायट्रोजन नायट्रेट होताना साधारण साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो आणि सात मिलिग्रॅमच्या वर कार्बोनेटची क्षारता, म्हणजे आम्ल मारायची ताकद, संपते.

माझा आकडा लावून बघा. ४० टक्के प्रोटीनचं १ ग्रॅम खाणं म्हणजे ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन, त्यातला अर्धा धरला तर ३२ पाण्यात. त्याला लागणारी क्षारता सव्वादोनशे मिलिग्रॅम, ५० लिटरमध्ये वाटली तर लिटरला साडेचार. केएचची एक डिग्री म्हणजे लिटरला जवळजवळ १८ मिलिग्रॅम. म्हणजे दर चार ग्रॅम खाण्यामागे एक डिग्री स्वाहा. सत्तर टक्के पाणी बदलल्यावर माझा केएच साधारण ३ यायचा, म्हणजे १२ ग्रॅम खाण्याचा कोटा. मी दिवसाला किती टाकतो ते चिमूट चिमूट गोळा करून काट्यावर ठेवलं तर निघालं ०.२ ग्रॅम. बारा भागिले शून्य पूर्णांक दोन, किती? साठ दिवस.

साठ. दोन महिने. मी कागदाकडे बघतच बसलो. अर्थात झाडं नायट्रेट खातात तेव्हा थोडी क्षारता परत मिळते, सगळा अमोनिया काही जीवाणूंकडे जात नाही, त्यामुळे खऱ्या टँकमध्ये आकडा पुढंमागं होणारच, पण घोडं नेमकं कुठं अडतंय ते कळलं. साठा संपला की पीएच घसरतो, सहाच्या आसपास आला की हेच जीवाणू सुस्तावतात, मग अमोनिया साठत जातो, पण पीएच कमी म्हणून तो मारत नाही, नुसतं मलूल करतो. मग मी बादली घेऊन येतो.

बरं, दोन महिन्यांत नवीन पाणी जात नव्हतं का? जात होतं, पण उडालेल्या पाण्याच्या जागी मी आरओचं पाणी घालायचो. शुद्ध पाणी माशांना चांगलं, असा आपला साधा समज. आरओच्या पाण्यात कार्बोनेट जवळपास नसतंच. आरओ टॉप-अपला वापरणं तसं चूक नाही, उलट बाष्पीभवनात क्षार मागं राहतात म्हणून टॉप-अपला तेच योग्य, पण सोबत नियमित थोडं थोडं पाणी बदलायला हवं, आणि ते मी करत नव्हतो. मला वाटायचं पातळी भरली म्हणजे पाणी बदललं.

आता दुधाळ पाण्याबद्दल, कारण बरेच जण इथंच अडकतात. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. हिरवट छटा दिसली तर तरंगतं शेवाळ. पांढरट, ताक पातळ केल्यासारखं दिसलं तर जीवाणूंचा भडका. वाळू ढवळली की तळातला कुजका माल वर येतो, आणि तो खाणारे जीवाणू अनुकूल परिस्थितीत अर्ध्या-एक तासात दुप्पट होतात. अमोनिया खाणारे मात्र दुप्पट व्हायला दिवसभर घेतात, कधी त्याहून जास्त, म्हणून तर नवा फिल्टर मार्गी लागायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे सगळं धुतल्यावर शर्यत कोण जिंकणार ते ठरलेलं. आणि दुधाळ पाणी बघून मी काय करायचो? परत पाणी बदलायचो, परत स्पंज धुवायचो. आगीतून फुफाट्यात. दुधाळ पाण्याला काही करू नका. खाणं दोन दिवस बंद, हवा वाढवा, हात मागं बांधून बसा. स्पंजमधला तो तपकिरी गाळ दिसायला किळसवाणा असतो हे मान्य, पण अर्धा टँक त्याच्यावर जगतो.

पहाटेचं तोंड वर काढणं हे त्याचंच दुसरं टोक. २५ अंशाला एक लिटर पाण्यात ऑक्सिजन मावून मावून मावतो आठ मिलिग्रॅमच्या थोडा वर, ३० अंशाला साडेसातच. तेवढ्याच हवेत २७० च्या आसपास असतो, यावरून समजा पाणी किती गरीब आहे. माझ्या ५० लिटरमध्ये सगळा मिळून ४०० मिलिग्रॅम. वर सांगितलेल्या १ ग्रॅम खाण्यातला नुसता अमोनिया जिरवायला जीवाणूंना त्यातले जवळपास दीडशे लागतात. आता रात्र धरा, झाडं आणि शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतात पण रात्री तीच ओढतात, मासे ओढतात, दुधाळ जीवाणू तर ओढतातच, आणि पहाटेपर्यंत तळ लागतो. संध्याकाळी तुम्ही बघाल तर पानांवर मस्त बुडबुडे, सगळं आलबेल, आणि तोच टँक पहाटे साडेपाचला गुदमरतोय. म्हणून ज्याला टँकची खरी तब्येत बघायचीय त्याने लाइट लागायच्या आधी टॉर्च घेऊन बघा. उपाय साधा, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवा. हवेच्या पंपाचे बुडबुडे स्वतः फारसा ऑक्सिजन देत नाहीत, ते वर येऊन पृष्ठभाग फोडतात त्याचा उपयोग.

इथं एक किस्सा सांगतो, कारण तो वाचल्यावर मला माझी चूक जास्त नीट कळली. अमेरिकेत ॲरिझोनात बायोस्फिअर २ नावाची भलीमोठी बंद काचघराची इमारत आहे, १९९१ मध्ये आठ माणसं दोन वर्षांसाठी आत कोंडून घेतली, झाडं, माती, छोटा समुद्र, सगळं आत. वर्ष-सव्वा वर्षात आतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदाच्या आसपास आला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. दोषी कोण, तर सुपीक मातीतले सूक्ष्मजीव, ते ऑक्सिजन खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत होते. पण मग कार्बन डायऑक्साइड त्या हिशोबात वाढायला हवा होता, तो तेवढा वाढलाच नाही. तो गेला होता भिंतींच्या काँक्रीटमध्ये! काँक्रीटने तो शोषून कॅल्शियम कार्बोनेट केलं. सगळे झाडं आणि जीव मोजत बसले आणि खेळ भिंत करत होती. माझंही तेच, मी मासे बघत होतो आणि कार्बोनेट कुणी बघतच नव्हतं.

तळ्यांचंही असंच होतं. आम्लपावसाने स्वीडनमधली ग्रॅनाइटच्या खडकावरची तळी मासेविरहित होत गेली, पण जिथं चुनखडीचा खडक होता तिथं तेवढाच पाऊस पडूनही तळी सावरली, कारण खडकच आम्ल मारत होता. मग त्यांनी १९७० च्या दशकापासून हजारो तळ्यांत चुन्याची भुकटी टाकायला घेतली. मी पण तेच केलंय, फक्त मूठभर.

हिरव्या पाण्याचं थोडक्यात. जीवाणू गेले की अमोनिया मोकाट, वर माझा लाइट अकरा तास चालू (ऑफ करायला विसरायचो), शेवाळाला आणखी काय पाहिजे. शिवाय खाण्यात फॉस्फरस असतो, तो साठत जातो. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या टीमने १९७३ मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन टाकला, एकाच बाजूला सोबत फॉस्फरस, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. म्हणून खाणं मोजून टाका. तीन-चार दिवस टँक काळ्या कापडाने झाकला तर हिरवं पाणी जातं, मी केलंय, पण मेलेलं शेवाळ तिथंच कुजतं आणि परत दुधाळ. लाइटला टायमर लावून सहा-सात तासांवर आणा आणि धीर धरा, ते जास्त टिकतं.

गोगलगायींना मात्र कुणी हाकलू नका. १८५० मध्ये लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया हे पाण्यातलं झाड एकत्र ठेवून पाणी न बदलता टँक चालवायचा प्रयोग केला, आणि तो फसायला लागला तो झाडाच्या कुजणाऱ्या पानांमुळे, पाणी गढूळ आणि शेवाळाचा बुळबुळीत थर. मग त्याने पाच-सहा तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या, त्यांनी कुजकं खाऊन साफ केलं, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, आणि टँक सुरळीत झाला. मी तर म्हणेन गोगलगाय हे सगळ्यात स्वस्त टेस्ट किट आहे, शंख गुळगुळीत तोवर चिंता नाही. एकदम सगळ्या काचेवर वर चढल्या तर पाण्यात ऑक्सिजन बघा, आणि पिल्लं भरमसाट झाली तर समजा तुम्ही खाणं जास्त टाकताय.

आता तुमचंही असंच चाललं असेल तर काय करायचं. पहिलं, काहीही बदलायच्या आधी पीएच, केएच आणि अमोनिया तिन्ही मोजा, टँकचं पण आणि नळाचं पण. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मोजा, ताज्या पाण्यात विरघळलेल्या वायूमुळे पीएच फसवतो. पीएच साडेसहाच्या खाली आणि अमोनिया जास्त अशी जोडी आली तर मोठी बादली अजिबात नको. रोज दहा टक्केच पाणी, क्लोरीन घालवून, तापमान जुळवून, आठ-दहा दिवस, खाणं अगदी नावाला. नुसतं उघडं ठेवून क्लोरीन जातं पण क्लोरामाइन (क्लोरीनचंच जास्त टिकणारं रूप) जात नाही, तुमच्या पाण्यात ते असेल तर ते मारायचं औषध घालावंच लागेल. खायचा सोडा घालून केएच पटकन वाढतो, ५० लिटरला एक सपाट चमचा म्हणजे चारच्या आसपास डिग्री, पण अमोनिया असताना एकदम घातला तर मी जे केलं तेच होईल. घालायचाच तर पाव चमचा आज, पाव परवा.

दुसरं, स्पंज नळाखाली धरायचा नाही. टँकमधून काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा दाबायचा, तोही प्रवाह मंदावला तरच. वाळूचा एका वेळी चौथा भागच सायफन करा, म्हणजे नळीने गाळ ओढून काढा.

तिसरं, आणि माझ्या केसमध्ये खरा इलाज हाच होता, फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत मूठभर शिंपल्यांचा चुरा. पीएच पडायला लागला की तो विरघळतो आणि कार्बोनेट सोडतो, पीएच चढला की थांबतो, आपण झोपलेलो असलो तरी. कुठला दगड चालेल हे बघायचं तर त्याच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, फसफसला तर कार्बोनेट आहे. मऊ (कमी क्षारांच्या), आम्लधर्मी पाण्यातले मासे ठेवले असतील त्यांनी हे करू नका, त्यांना उलटा त्रास होईल. गप्पींना जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी चालतं, नव्हे आवडतं.

या सगळ्याला नऊ महिने झाले. आठवड्याला पाच लिटर पाणी बदलतो, टॉप-अपला आरओच, लाइट टायमरवर, खाणं आठवड्यातून एक दिवस बंद. एकदा मध्येच पाणी हलकं हिरवं झालं तेव्हा हात शिवशिवले होते, पण कापड काढलं नाही, दहा दिवसांत गेलं. मागच्या काचेवरचं शेवाळ आता मी खरवडत नाही, बघायला येणारे नाक मुरडतात, मुरडू देत. ती मोठी गोगलगाय अजून आहे, शंखाच्या टोकाचे जुने खड्डे तसेच आहेत, ते भरत नाहीत, पण त्यानंतर वाढलेली बोटभर कड अगदी गुळगुळीत आहे. केएच कालच मोजला, चार.